गुडघेदुखी : गोळी की व्यायाम?

प्रास्ताविक

मी कला शाखेची, अर्थशास्त्र घेतलेली द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्राशी माझा काडीचाही संबंध नाही. तेव्हा या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. माझे उत्तर इतकेच की हा विषय मला ग्रंथालयात सापडलेला नाही. तो माझ्या घरात सहा वर्षे राहत होता.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यातले, कांद्याचे. वडील चौथीपर्यंत शिकले. आईने शाळेचे तोंड पाहिले नाही. ती दुसऱ्यांच्या वावरात निंदणी, खुरपणी, कांदालागवड करते. मी आठवीत असताना तिचे गुडघे दुखू लागले. शाळा तालुक्याच्या रस्त्यावर असल्यामुळे दर शनिवारी औषधाच्या दुकानातून पुडी आणण्याचे काम माझ्याकडे आले. एका पुडीत तीन गोळ्या असत : एक पांढरी, एक पिवळी आणि एक अगदी बारीक. सकाळी वावरात जाण्यापूर्वी आई चहाबरोबर एक पुडी घेई आणि संध्याकाळपर्यंत तिला काही जाणवत नसे. घरात वाचता येणारी मी होते. पण त्या गोळ्यांची नावे काय आहेत, हे मी कधी विचारले नाही आणि पुडीवर ती लिहिलेलीही नसत.

मी बारावीत असताना उन्हाळ कांद्याच्या लागवडीच्या दिवसांत आई बांधावर चक्कर येऊन पडली. चार दिवस तिला डांबरासारखे काळे शौच होत होते. लाजेपायी तिने कोणाला सांगितले नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेले तेव्हा तिचे हिमोग्लोबिन ५.८ होते. रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. दुर्बिणीतून पाहिल्यावर जठरात जखम आढळली. डॉक्टरांनी विचारले, "मावशी, गोळ्या कुठल्या घेत होता?" आईने माझ्याकडे पाहिले. मला उत्तर देता आले नाही. मी परत येऊन दुकानदाराकडून तिन्ही नावे कागदावर लिहून घेतली. दोन गोळ्या एकाच जातीच्या वेदनाशामक होत्या आणि बारीक गोळी स्टेरॉइडची होती.

तो कागद अजून माझ्या वहीत आहे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या कागदाचा अर्थ लावण्याचा एक प्रयत्न होय. आमच्या प्राध्यापकांच्या मदतीने आणि शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे पुढे मांडीत आहे.

हा रोग म्हणजे काय?

आपण ‘संधिवात’ हा एकच शब्द अनेक रोगांना लावतो. येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो ‘ऑस्टिओआर्थरायटिस’. व्यवहारात त्याला ‘झिजेचा संधिवात’ म्हणतात. आमवात हा निराळा रोग आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि त्याचे औषधोपचारही वेगळे असतात.

झिजेच्या संधिवाताचा पसारा किती मोठा आहे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना हा रोग होता. त्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या आणि सर्वांत जास्त पीडित सांधा गुडघा हाच होता. भारतात पाच ठिकाणी, शहरे व खेडी धरून केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्यांपैकी २८.७ टक्के लोकांना गुडघ्याचा हा विकार आढळला. मराठीत एक म्हण आहे की आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. हा आजार मात्र येतानाही मुंगीच्याच पावलाने येतो. म्हणूनच घरातल्या कोणाला तो दिसत नाही.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांसमोर येतात. दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत, लवचीक असा कूर्चेचा थर असतो. भोवतीच्या आवरणातून एक चिकट द्रव पाझरतो. आपल्याकडे याच द्रवाला ‘वंगण’ आणि कूर्चेला ‘गादी’ म्हणतात. "वंगण संपलं, गादी झिजली, आता जपून राहा," हे वाक्य आमच्या गावातील प्रत्येक पन्नाशीच्या बाईने ऐकलेले आहे.

माझ्या मते साऱ्या गैरसमजाचे मूळ या वाक्यात आहे. ‘झीज’ म्हटले की डोळ्यांपुढे बैलगाडीचा आस येतो. गाडी जितकी चालेल तितका आस झिजणार. तेव्हा तो वाचवायचा तर गाडी सोडून ठेवावी, हे ओघानेच आले. पण सांधा निर्जीव नाही. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिला रक्तातून थेट अन्न मिळत नाही. पावलाचा भार पडला की ती स्पंजासारखी दाबली जाते आणि भार निघाला की भोवतीचा द्रव आत घेते. त्या द्रवातून तिचे पोषण होते. म्हणजे हालचाल हेच तिचे जेवण. आस चालण्याने झिजतो हे खरे. सांधा मात्र न चालण्यानेही खंगतो.

दुसरी गोष्ट अशी की कूर्चेत वेदना जाणणारे मज्जातंतू नसतात. वेदना उमटते ती कूर्चेखालच्या हाडातून, सुजलेल्या आतील आवरणातून, ताणल्या गेलेल्या अस्थिबंधांतून आणि स्नायूंतून. म्हणूनच क्ष-किरण चित्रात खूप झीज दिसणारा एखादा मनुष्य हिंडताफिरता असतो आणि थोडीच झीज असलेला कळवळत असतो. चित्रावरून वेदना मोजता येत नाही. ज्याला आपण गादीचा रोग म्हणतो तो वस्तुतः संपूर्ण सांध्याचा आणि सांधा पेलणाऱ्या स्नायूंचा रोग आहे. स्नायू हा तर माणसाला कोणत्याही वयात पुन्हा कमावता येतो. आशेची जागा नेमकी येथे आहे.

गोळी काय करते?

वेदनाशामकांचा इतिहास जुना आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने विलो झाडाच्या सालीचा ताप उतरविणारा गुण लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविला. पुढे १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत ॲस्पिरिन तयार झाले आणि १८९९ पासून ते बाजारात आले. ते वेदना कशी थांबविते, हे मात्र १९७१ पर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. त्या वर्षी जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की शरीरात ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाची जी द्रव्ये तयार होतात, त्यांची निर्मिती ॲस्पिरिन रोखते. या द्रव्यांवरील संशोधनासाठी १९८२ सालचे नोबेल पारितोषिक व्हेन यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह मिळाले.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲसिक्लोफेनॅक ही सारी याच घराण्यातील औषधे. सूज आलेल्या ठिकाणी प्रोस्टाग्लँडिन वेदनेची जाणीव तीव्र करतात. गोळीने त्यांची निर्मिती कमी झाली की सूज उतरते आणि ठणका कमी होतो. आईला वावरात काही जाणवत नसे, त्याचे कारण हेच.

पॅरासिटॅमॉल ही वेगळी गोळी. ती तुलनेने सौम्य, म्हणून वर्षानुवर्षे या रोगात पहिली गोळी म्हणून दिली गेली. परंतु २०१५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असे दिसले की गुडघा व खुब्याच्या झिजेत तिचा उपयोग फारच अल्प होतो. अफूवर्गीय तीव्र औषधांचीही तीच गत. अमेरिकेत २४० रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाठ, खुबा व गुडघा यांच्या जुनाट दुखण्यावर ही औषधे साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. उलट त्यांचा त्रास अधिक झाला.

थोडक्यात, गोळी ठणका कमी करते, ही गोष्ट निर्विवाद आहे. मात्र ती कूर्चा भरून आणीत नाही आणि स्नायूला बळही देत नाही. वेदना हा सांध्याने धाडलेला निरोप असेल, तर गोळी तो निरोप काही तास अडवून ठेवते.

गोळीची किंमत

एका पुडीला किती रुपये पडतात, एवढीच तिची किंमत आम्ही मोजत होतो. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून आज मला कळते की खरी किंमत खात्यात मांडलेलीच नव्हती.

जे प्रोस्टाग्लँडिन गुडघ्यात वेदना वाढवितात, तेच जठरात अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात. गोळी रक्तातून सर्व शरीरभर जाते. तिला गुडघा कोणता आणि जठर कोणते हे कळत नाही. "जेवून घेतली की काही होत नाही," असे आपण समजतो. जेवणानंतर घेतल्यास जळजळ कमी होईल, परंतु जखमेचा धोका टळत नाही, कारण इजा केवळ गोळीच्या स्पर्शाने होत नसून रक्तातून होते. तीच गोष्ट इंजेक्शनची. दोन वेदनाशामक एकदम घेतल्यास गुण दुप्पट येत नाही, धोका मात्र वाढतो. त्यात स्टेरॉइडची भर पडली की रक्तस्रावाचा संभव आणखी बळावतो. आईच्या पुडीत नेमके हेच तीन सोबती होते.

जठराला त्रास होऊ नये म्हणून शास्त्रज्ञांनी नव्या जातीच्या गोळ्या शोधल्या. त्यांपैकी रोफेकॉक्सिब हे औषध १९९९ साली मोठ्या गाजावाजाने बाजारात आले. त्याने हृदयविकाराचा व पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसून आल्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घ्यावे लागले. पुढे असे लक्षात आले की डायक्लोफेनॅकसारख्या जुन्या औषधांतही हा धोका कमीअधिक प्रमाणात आहेच.

तिसरा धोका मूत्रपिंडाचा. आमच्या गावचे वडीलधारे सांगतात की पूर्वी मेलेल्या जनावरावर गिधाडांचे थवे उतरत. आमच्या पिढीने ते पाहिले नाहीत. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत आणि असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, हे २००४ साली सिद्ध झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तोवर ९० टक्क्यांहून अधिक घटली होती. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. तरी वृद्ध माणूस, उन्हात पाण्यावाचून राबणारा मजूर, रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्या घेणारा रुग्ण, यांच्या मूत्रपिंडाला वेदनाशामकाचा धोका निश्चित आहे.

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा कायदा आहे. पाकिटावरील लाल उभी रेघ आणि इशारा त्यासाठीच असतो. पुडी बांधली की रेघही जाते, इशाराही जातो आणि औषधाचे नावही जाते.

व्यायाम हे औषध कसे?

आईला घरी सोडताना डॉक्टरांनी पोटातून घ्यायच्या सर्व वेदनाशामक गोळ्या बंद केल्या. गुडघ्यावर लावायचा मलम दिला आणि त्याच इमारतीतील फिजिओथेरपिस्ट ताईंकडे पाठविले. मला वाटले, औषध नाही म्हणून ही समजूत काढण्याची रीत असावी. पुढे वाचल्यावर कळले की जगात आज पहिला उपचार म्हणून हाच सांगितला जातो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२२ साली या रोगासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रत्येक रुग्णाला त्याच्या गरजेप्रमाणे व्यायामोपचार द्यावा, असे म्हटले आहे. गुडघ्यासाठी औषध म्हणून प्रथम लावायचा वेदनाशामक मलम सुचविला आहे, कारण त्यातले औषध रक्तात फार थोडे उतरते. त्याने न भागल्यास पोटातून गोळी, तीही कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि जठराचे रक्षण करणाऱ्या औषधासह. पॅरासिटॅमॉल नेहमीसाठी देऊ नये आणि तीव्र अफूवर्गीय औषधे मुळीच देऊ नयेत, असेही तेथे स्पष्ट केले आहे.

व्यायामाचा पुरावा जुना आहे. १९९७ साली अमेरिकेत साठीच्या वरच्या ४३९ रुग्णांवर अठरा महिने चाललेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना चालण्याचा, काहींना स्नायूबळाचा व्यायाम दिला आणि काहींना केवळ आरोग्याची माहिती दिली. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांची वेदना व अडचण माहितीच्या गटापेक्षा कमी झाली. २०२३ साली १५२ चाचण्या एकत्र करून केलेल्या एका तुलनेत व्यायामाचा वेदनेवरील परिणाम पोटातून घ्यायच्या वेदनाशामकांच्या जवळपास बरोबरीचा ठरला.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. गुडघ्यासाठीच्या व्यायामाच्या १३९ चाचण्यांचा एक मोठा आढावा २०२४ साली प्रसिद्ध झाला. १०० गुणांच्या मापावर वेदनेत सरासरी सुधारणा काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १३ गुणांची आणि दिखाऊ उपचार किंवा नुसते लक्ष मिळालेल्यांपेक्षा सुमारे ९ गुणांची होती. म्हणजे व्यायाम ही जादू नव्हे. परंतु गोळीचा गुणही साधारण एवढाच असेल, तर ज्या उपचाराने जठर, हृदय आणि मूत्रपिंड यांना इजा होत नाही, उलट मधुमेह व रक्तदाब यांनाही लाभ होतो, त्याची निवड आधी करावी, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

हा लाभ होतो कसा? मांडीचा पुढचा स्नायू बळकट असला की पाऊल टेकताना बसणारा हादरा तो झेलतो; दुबळा असला की तो भार सांध्यावर जातो. दुखते म्हणून आपण पाय वापरत नाही, न वापरल्याने स्नायू सुकतो, स्नायू सुकल्याने अधिक दुखते. हे चक्र व्यायाम तोडतो. वजन जास्त असेल तर तेही पाहावे लागते. एका अभ्यासानुसार वजनात एक किलो घट झाली की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे काय?

फिजिओथेरपिस्ट ताईंनी व्यायाम सांगितले तेव्हा आई त्यांच्या तोंडावर हसली. "ताई, दिवसभर वावरात मरमर मरते मी. आता घरी येऊन आणखी कसला व्यायाम करू? व्यायाम बसून खाणाऱ्यांनी करायचा." मला या प्रश्नाचे उत्तर देता येईना. मनातून ते मला पटलेलेच होते. माझ्या मते खेड्यापाड्यांत व्यायामोपचार रुजत नाही त्याचे कारण हाच प्रश्न आहे, आणि पुस्तकांतून त्याला क्वचितच उत्तर दिलेले आढळते.

ताईंनी उत्तर दिले ते असे : "मावशी, तुम्ही दिवसात किती वेळ उकिडव्या बसता?" आईने हिशेब केला, सहा-सात तास तरी. "त्यात गुडघा पूर्ण दुमडलेला राहतो. त्याला दाब मिळतो, पण मोकळीक मिळत नाही. मांडीचा स्नायू तेवढा वेळ ताणून धरलेला, थकलेला. व्यायामात दहा वेळा दाबायचं, दहा वेळा सोडायचं आणि थांबायचं. तुमच्या कामात मुकादम थांबू देतो का?"

आई गप्प झाली. मलाही प्रथमच भेद कळला. कामाचे माप पीक ठरविते, व्यायामाचे माप शरीर ठरविते. कामात एकच हालचाल शेकडो वेळा होते आणि काही स्नायू मुळीच वापरले जात नाहीत. व्यायामात नेमका दुबळा स्नायू निवडून त्याला आज दहा, पुढच्या आठवड्यात बारा, असे वाढवीत नेतात आणि मध्ये विसावा देतात. चीनमधील बीजिंग येथे वृद्धांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज अधिक होती. आपल्याकडील निंदणी, धुणे, चूल आणि सारवण ही सारी कामे उकिडव्याची, आणि ती बहुतांशी स्त्रियांकडे. रोगाच्या आकड्यांत स्त्रिया पुढे आहेत याची कारणे अनेक असतील; आमच्या गावापुरते पाहिले तर एक कारण रोज सकाळी खुरपे घेऊन निघते.

व्यायाम कसा करावा?

ताईंनी आईला शिकविलेले व्यायाम साधे होते. त्यांना यंत्र लागत नाही.

पहिला : पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडी आवळून गुडघ्याने ती खाली दाबावी, पाच अंक मोजेपर्यंत धरावे आणि सोडावे. असे दहा वेळा.

दुसरा : उताणे निजून एक पाय दुमडावा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलावा, पाच अंक धरून हळूहळू खाली आणावा.

तिसरा : कुशीवर निजून वरचा पाय सरळ वर उचलावा. याने खुब्याच्या बाजूचा स्नायू बळकट होतो आणि चालताना गुडघा आत झुकत नाही.

चौथा : खुर्चीवरून किंवा उंच ओट्यावरून हातांचा आधार न घेता उठावे व हळूहळू बसावे. आरंभी आधार घेतला तरी चालेल. आमच्या घरी खुर्ची नव्हती; देवळाच्या ओट्यावर हा व्यायाम झाला.

पाचवा : सपाट रस्त्यावर चालणे, प्रथम दहा मिनिटे, मग जमेल तसे वाढवावे.

स्नायूबळाचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस करावेत. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. गोळीचा गुण तासाभरात येतो. म्हणून गोळी जिंकते आणि व्यायाम पहिल्या पंधरवड्यातच सुटतो. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चालू असलेल्या एका उपक्रमात रुग्णांना आधी रोगाची माहिती देतात आणि मग सहा आठवड्यांत बारा वेळा देखरेखीखाली व्यायाम करून घेतात. एकट्याने सुटतो तो व्यायाम गटात टिकतो, हे त्यामागचे शहाणपण आपणही उचलण्यासारखे आहे.

व्यायाम करताना दुखले तर? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. दोनपर्यंत निर्धास्त राहावे. पाचपर्यंत चालू शकते. पाचच्या वर गेल्यास व्यायाम कमी करावा. वाढलेली वेदना चोवीस तासांत पूर्वपदावर आली तर इजा झाली नाही असे समजावे. न आल्यास पुढच्या वेळी माप उतरवावे. आईला अंक कळत असल्याने ही रीत तिने चटकन उचलली. आता ती मला सांगते, "आज चार आहे."

मात्र सांधा लाल व गरम होऊन ताप येणे, एकाएकी खूप सूज येणे, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, गुडघा मध्येच अडकणे, किंवा सकाळी अनेक सांधे तासभर आखडलेले राहणे, ही लक्षणे निराळ्या विकाराची असू शकतात. अशा वेळी व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. रोग फार पुढे गेल्यास कृत्रिम सांधा बसवावा लागतो आणि त्याने वेदना पुष्कळ कमी होते. पण तेथेही शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर व्यायाम सुटत नाही.

समारोप

लेखाच्या शीर्षकात मी ‘गोळी की व्यायाम’ असा प्रश्न टाकला आहे. अभ्यासाअंती तो प्रश्नच चुकीचा वाटतो. गोळीला मी शत्रू मानीत नाही. वेदनेने पाऊल उचलवत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली थोड्या दिवसांची गोळी किंवा मलम व्यायामाची वाट मोकळी करतो. चूक होते ती वेदना थांबली म्हणून रोग थांबला असे मानण्यात. आई गोळी घेऊन जे सहा तास उकिडवी बसे, ते तिला गोळीने मिळवून दिलेले तास होते. ते तिने गुडघ्यासाठी खर्च केले नाहीत, मुकादमासाठी केले. तिला दोष देता येत नाही. तिची रोजी त्यावर होती आणि माझी फीही.

या गोष्टीला आता दोन वर्षे होत आली. आईचे गुडघे बरे झालेले नाहीत. बसमध्ये चढताना ती अजून दांडा घट्ट धरते. परंतु जमिनीवरून उठताना आता तिला माझा हात लागत नाही. निंदणीला जाताना ती वीतभर उंचीचे लाकडी स्टूल बरोबर नेते. पहिले चार दिवस बाया हसल्या. नंतर दोघींनी तसेच करून घेतले. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर कधी तिघी, कधी पाच जणी उठबस करतात. पुडी घरात आलेली नाही.

माझ्या वर्गातील पुष्कळ मित्रमैत्रिणी माझ्यासारख्याच घरांतून येतात. त्यांच्याही घरी देवळीत किंवा डब्यात एखादी पुडी असेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की या सुट्टीत घरी गेल्यावर ती उघडून पाहावी. गोळ्यांची नावे विचारून कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. मी हे काम चार वर्षे उशिरा केले.